सख्खे शब्द आणि सारखे शब्द

ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या भाषा शेजारी ठेवून त्यांचे नाते शोधण्यात ज्यांनी आपले उमेदीचे दिवस खर्ची घातले, अशा एका महाराष्ट्रीय पंडिताविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. नीरेच्या काठी ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ग्रीक-लॅटिनशी काय कर्तव्य, असा प्रश्न काही वाचक करतील. प्रश्न रास्त आहे. जी विद्या आपल्या घरापर्यंत पोहोचत नाही, तिचे कौतुक करण्यास आम्हीही विद्यार्थ्यांस सांगणार नाही. परंतु ही विद्या घरापर्यंत पोहोचते. किंबहुना आमच्या घराविषयी इतर कोणी सांगितली नाही अशी एक गोष्ट ती सांगते, असा आमचा अनुभव आहे.

आमचे गाव नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नदी भीमेस मिळते, तेथे ते वसले आहे. लक्ष्मीनृसिंहाचे क्षेत्र म्हणून त्याची ख्याती आहे, आणि गावच्या कडेला आमच्यासारखी ख्रिस्ती घरे थोडीच. लहानपणी आम्ही दोन प्रकारची बोलणी ऐकली. गावातले सोबती म्हणत, “तुमचा पाद्री परका, तुमची प्रार्थना परकी.” त्यांत द्वेष नसे, त्यांनी जे ऐकले ते ते बोलत. उलट हायस्कुलात आम्ही संस्कृत घेतले, तेव्हा आमच्याच मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “बाळा, ती भाषा आपली नव्हे. तिच्यात आपल्याला कोणी विचारलेले नाही.” त्यांच्या बोलण्यामागे पिढ्यांचा अनुभव होता, आणि त्याला उत्तर देण्याइतके आमचे वय नव्हते. एका बाजूने पवित्र शास्त्र परके, दुसऱ्या बाजूने संस्कृत परके. मग आमचे असे काय उरले? पुढे कॉलेजात गेल्यावर डॉक्टर पांडुरंग दामोदर गुणे यांचे तौलनिक भाषाशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक आमच्या हाती आले, आणि या प्रश्नाचा विचार कसा करावा याची रीत त्यात आम्हास सापडली. म्हणून त्यांचे ऋण आम्ही मानतो.

गुणे यांच्याकडे वळण्यापूर्वी ही विद्या आपल्या प्रांतात कशी रुजली ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आपल्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेसारखी आहे, हे ज्या युरोपीय माणसांच्या प्रथम ध्यानात आले, त्यांत फादर थॉमस स्टीफन्स हे एक होत. हे इंग्रज जेज्वित 1579 साली गोव्यास आले, आणि 1583 साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे साम्य नमूद केले. ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचून 1616 साली रायतूर येथे छापविणारे कवी ते हेच. त्यांचे ते पत्र विद्वानांच्या हाती फार उशिरा आले. मध्यंतरी 1786 च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे प्रसिद्ध भाषण केले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आज अस्तित्वात नसावी, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. या ठिकाणी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई आहे असे जोन्स म्हणाले नाहीत. त्या तिघी बहिणी आहेत, आणि आई निघून गेली आहे. आमच्या संगमावर दोन नद्या एकत्र येऊन एक प्रवाह होतो; भाषांचे याच्या उलट होते. एक प्रवाह फुटून अनेक होतात, आणि मग त्यांच्या पाण्याची चव घेत घेत मूळ झऱ्याचा अंदाज बांधावा लागतो.

मुंबई इलाख्यात या विद्येस आश्रय मिळाला तो डॉक्टर जॉन विल्सन यांच्यामुळे. हे स्कॉटिश मिशनरी 1829 साली मुंबईस आले. त्यांच्या वास्तव्यास चाळीस वर्षे झाली तेव्हा लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ निधी जमविला, आणि त्यातून मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावरील विल्सन व्याख्यानमाला निघाली. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाच्या नावाने स्मारक झाले ते भाषांच्या अभ्यासाचे, याचे आम्हास नेहमी समाधान वाटते. या मालेत 1877 साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या प्राकृत आणि देशी भाषांवर जी व्याख्याने दिली, ती पुढे 1914 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मालवणात जन्मलेला, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेला हा पुरुष. त्यास 1885 साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. भांडारकरांनी वाट पाडली. त्या वाटेने पुढच्या पिढीत जे चालू लागले, त्यांत गुणे होते.

गुणे यांचा जन्म 1884 सालचा. संस्कृतचे अध्ययन करून ते जर्मनीस गेले आणि 1914 चे महायुद्ध पेटण्यापूर्वी लाइपझिग विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी घेऊन परत आले. लाइपझिग हे त्या काळी भाषाशास्त्राचे काशीक्षेत्रच होते. कार्ल ब्रुगमान तेथे 1887 पासून अध्यापन करीत होते. आउगुस्ट लेस्कीन हेही तेथेच होते. या मंडळींचा एक बाणा होता. ध्वनींचे बदल लहरीने होत नाहीत, ते नियमाने होतात. आणि नियमाला अपवाद दिसला तर त्या अपवादाचेही कारण शोधलेच पाहिजे. ज्या भाषांच्या तुलनेवर हा नियम उभारला होता, त्यांत ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या प्रमुख. युरोपातील मुले ग्रीक-लॅटिन शाळेतच गिरवून आलेली असत, आणि संस्कृत त्यांना कष्टाने शिकावे लागे. आपल्याकडून जाणाऱ्याचे नेमके उलट होते. तात्पर्य, प्रत्येकास आपल्या घरच्या भाषेकडे दुसऱ्याच्या दारातून पाहावे लागे.

हा नियम म्हणजे काय, ते दोन-चार उदाहरणांनी सांगतो. कारण ते समजल्यावाचून या पंडितांच्या कष्टाचे मोल कळणार नाही. संस्कृतात शंभरास ‘शतम्’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘केन्तुम’, ग्रीकमध्ये ‘हेकातोन’. दहास संस्कृतात ‘दश’. लॅटिनमध्ये ‘देकेम’, ग्रीकमध्ये ‘देका’. कुत्र्यास संस्कृतात ‘श्वन्’. लॅटिनमध्ये ‘कानिस’, ग्रीकमध्ये ‘क्यूओन’. या तिन्ही शब्दांत जेथे संस्कृतात श, तेथे त्या दोघींत क. हा योगायोग नव्हे. आता संस्कृत ‘सप्त’, लॅटिन ‘सेप्तेम’, परंतु ग्रीक ‘हेप्ता’. शब्दाच्या आरंभी स्वरापूर्वी येणारा स ग्रीकांनी ह केला. एवढे दोन नियम हाती आले की, कानाला अगदी निराळे लागणारे शब्द सख्खे निघतात, आणि कानाला जवळचे वाटणारे शब्द दूरचे ठरतात. नाते आवाजाच्या सारखेपणावर ठरत नाही. बदलाच्या नियमितपणावर ठरते.

बहिणी एकमेकींना कशा उपयोगी पडतात, त्याचेही उदाहरण पाहण्यासारखे आहे. संस्कृत ‘भ्रातृ’ आणि ‘पितृ’ या दोन्ही शब्दांत त आहे. जर्मन शाखेच्या जुन्या गॉथिक भाषेत मात्र भावाच्या शब्दात थ सारखा ध्वनी आणि बापाच्या शब्दात द, असा भेद पडला होता, आणि त्याचे कारण कोणास सापडेना. ते 1870 नंतरच्या दशकात कार्ल व्हेर्नर या डेन्मार्कच्या पंडितास सापडले. वेदपाठात एका शब्दाचा स्वराघात पहिल्या अक्षरावर आणि दुसऱ्याचा शेवटच्या अक्षरावर आहे; त्या आघाताच्या भेदानेच व्यंजनांचा भेद झाला होता. आपल्याकडील वेदपाठकांनी मुखाने जतन केलेल्या आघाताने जर्मनीतील शब्दांचे कोडे सोडविले. याच्या उलट, संस्कृतातील अ या एका स्वरात मूळचे अ, ए आणि ओ असे तीन स्वर मिसळून गेले आहेत, ही गोष्ट ग्रीक व लॅटिन यांच्याच साक्षीने सिद्ध झाली. कारण ते तीन स्वर त्या दोघींनी वेगळे राखले होते. कोणतीही एक भाषा स्वतःविषयी सर्व काही जाणत नाही. तिचे अर्धे गुपित बहिणीपाशी असते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्यात देवास ‘थेओस’ असा शब्द आहे. रोमच्या मंडळीने लॅटिन स्वीकारली, तेव्हा तेथे ‘देउस’ हा शब्द आला. थेओस आणि देउस. ऐकणारा कोणीही सांगेल की हा एकच शब्द आहे, थोडा उच्चारभेद झाला इतकेच. पण नियम लावून पाहा. संस्कृतात जेथे शब्दारंभी ध, तेथे ग्रीकमध्ये थ आणि लॅटिनमध्ये फ येतो. उदाहरणार्थ ‘धूम’, ग्रीक ‘थ्यूमोस’, लॅटिन ‘फूमुस’. आणि जेथे संस्कृतात द, तेथे त्या दोघींतही द राहतो, हे वरील ‘दश’ शब्दात आपण पाहिलेच. म्हणजे ग्रीक थ समोर लॅटिन द उभा राहू शकत नाही. थेओस आणि देउस यांचे नाते तुटले! मग देउसचा सख्खा कोण? संस्कृत ‘देव’. आमच्या घरी आजी चुलीपुढे बसून ज्या शब्दाने प्रार्थना करी, तोच. ज्या धातूचा अर्थ प्रकाशणे, त्या धातूचे हे दोघे. ग्रीकांत याचा गोत्रज शोधायचा तर तो ‘झेउस’ होय, संस्कृतातील ‘द्यौः’ याचा भाऊ. प्रेषितांच्या कृत्यांत लुस्त्र गावच्या लोकांनी बर्णबास ज्या देवाचे नाव दिले, आणि जे ऐकून त्याने आपली वस्त्रे फाडली, ते नाव हेच.

हे प्रथम उमगले तेव्हा आम्हास किती आनंद झाला, ते सांगता येत नाही. तुमचा शब्द परका, असे म्हणणाऱ्या सोबत्यास आता उत्तर होते. आणि ज्या ‘पाद्री’ शब्दावरून ते आम्हास चिडवीत, त्याची हकिगत तर याहून मौजेची. तो शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला; पोर्तुगीजांस तो लॅटिन ‘पातेर’ यापासून मिळाला; आणि लॅटिन पातेर, ग्रीक पातेर आणि संस्कृत पितृ हे तिघे सख्खे. म्हणजे जो शब्द साऱ्या गावात परका ठरला, तो ‘पिता’ याचा दूरदेशी वाढलेला भाऊ निघाला. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचा आरंभ ग्रीक आणि लॅटिन या दोन्हींत याच शब्दाने होतो.

परंतु या आनंदात एक धोका आहे. गुणे यांच्यासारख्या पंडितांचे खरे महत्त्व आम्हास वाटते ते असे की, जी विद्या नाते दाखविते तीच विद्या नात्याची मर्यादाही दाखविते. आजकाल मुलांच्या हाती मोबाइल आहेत, आणि त्यांवर नाना प्रकारच्या व्युत्पत्त्या फिरत असतात. एका विद्यार्थ्याने आम्हास विचारले, “सर, ख्रिस्त हा शब्द कृष्ण या शब्दापासून आला हे खरे का?” असे म्हणणारे आजचे नव्हेत, दोन्ही बाजूंस आहेत, आणि प्रत्येकाचा हेतू निराळा असतो. त्या मुलास आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द फोडून दाखविले. ‘ख्रिस्तोस’ हा ग्रीक शब्द तेल लावणे, अभ्यंग करणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून झाला; त्याचा अर्थ अभिषिक्त, आणि तो इब्री ‘मशीहा’ या शब्दाचे भाषांतर आहे. ‘कृष्ण’ म्हणजे काळा. अर्थ निराळा, धातू निराळा. हे शब्द सारखे आहेत, सख्खे नाहीत. तो मुलगा थोडा हिरमुसला. आम्ही त्यास म्हणालो, “बाळ, खोट्या नात्याने जोडलेला शेजार टिकत नाही. कृष्ण कृष्ण राहू दे, ख्रिस्त ख्रिस्त राहू दे. आणि तू व तुझा शेजारी एका बाकावर बसा.”

दुसरी मर्यादा याहून मोठी. शब्द सख्खे असले म्हणजे अर्थ एकच असतो असे नाही. आणि भाषा सख्ख्या असल्या म्हणजे बोलणारांचे रक्त एक असते असेही नाही. ‘देव’ या शब्दाने वेदातील ऋषीस जे अभिप्रेत होते, ते रोमच्या मूर्तिपूजकास नव्हते, आणि त्याच शब्दाने आमची आजी ज्याला हाक मारी तो आणखी वेगळा. रक्ताविषयी तर माक्स म्युल्लर यांनी 1888 सालीच बजावले होते की, आर्य हे भाषाकुलाचे नाव आहे, त्यावरून माणसाच्या वंशाविषयी बोलणे अशास्त्रीय आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही. ज्या जर्मनीत ही विद्या कळसास पोहोचली, त्याच जर्मनीत 1933 ते 1945 या वर्षांत याच एका शब्दाच्या नावाने लक्षावधी निरपराध यहुद्यांचा संहार झाला. नियम काटेकोर असूनही, त्याचा अर्थ लावणाऱ्यांच्या अंतःकरणात नम्रता नसली म्हणजे काय अनर्थ होतो, याचे याहून भयंकर उदाहरण इतिहासात नसेल.

आमच्या मराठीस तरी असा गर्व परवडणारा नाही. तिच्या घरात पिता संस्कृतचा खरा, पण अक्का आणि अण्णा कानडी, आणि पानात पडणारे तूपही कानडीच. ‘दाम’ हा शब्द ग्रीकांच्या ‘द्राख्मे’ या नाण्यापासून प्राकृतातून आला. किल्ल्याखाली खणला जाणारा ‘सुरुंग’ हा मूळचा ग्रीक. साबण, मेज आणि चावी हे पोर्तुगीजांनी आणलेले लॅटिनचे नातू. काही शब्द जन्माने सख्खे, काही पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. भाषेने कोणासही दारात उभे ठेवले नाही. आमच्या मंडळीतील त्या वृद्ध गृहस्थांस आज उत्तर द्यावयाचे तर आम्ही एवढेच म्हणू, “काका, आपल्याला विचारले नाही हे खरे. पण भाषा कोणा एकाच्या मालकीची नसते. जो तिचा अभ्यास करील, त्याला ती आपले म्हणते.”

असो. गुणे यांची हकिगत पुढे चालवू. लाइपझिगहून आल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केले. हे कॉलेज ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे, तिच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याचा परिपाठ घालून दिला होता, आणि त्याच वातावरणात गुणे यांचे दिवस गेले. युरोपातील पंडितांची शाबासकी मिळेल असे सूक्ष्म प्रबंध लिहीत बसणे त्यांस अशक्य नव्हते. त्यांनी 1918 साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते विद्यार्थ्यांसाठी. तौलनिक भाषाशास्त्रात ज्यांचा प्रवेश व्हावयाचा आहे अशांसाठी. ग्रीक व लॅटिन न शिकलेल्या भारतीय मुलास त्या भाषांची साक्ष कशी वाचावी, हे त्यात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. आम्ही शिक्षक असल्यामुळे या पुस्तकाचे मोल आम्हास विशेष वाटते. जो डोंगर चढला त्याने वर उभे राहून हाका मारणे वेगळे, आणि खाली उतरून दुसऱ्याचा हात धरणे वेगळे.

भांडारकरांच्या नावाने 6 जुलै 1917 रोजी पुण्यास जी प्राच्यविद्या संशोधन संस्था निघाली, तिच्यासाठी खटपट करणाऱ्या तरुण विद्वानांतही गुणे होते. त्यांच्या अखेरच्या कामाची गोष्ट मात्र मनास चटका लावणारी आहे. धनपाल नावाच्या जैन कवीचे ‘भविसयत्तकहा’ हे अपभ्रंश भाषेतील काव्य बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेसाठी चिमणलाल दलाल यांनी संपादण्यास घेतले होते. काम पुरे होण्यापूर्वीच दलाल 1918 साली वारले. ते अपुरे काम गुणे यांनी हाती घेतले, पाठ शुद्ध केला, प्रस्तावनेत अपभ्रंशाचे व्याकरण विशद केले. ग्रंथ 1923 साली बाहेर पडला, तेव्हा तो पाहण्यास गुणेही नव्हते. त्यांचे देहावसान 1922 च्या नोव्हेंबरात झाले. वय अवघे अडतीस वर्षांचे. प्राकृत आणि मराठी यांच्या मधली पायरी म्हणजे अपभ्रंश. लाइपझिगला ग्रीक-लॅटिनवर घासून जी दृष्टी त्यांनी तीक्ष्ण केली, ती अखेर त्यांनी आपल्या मराठीच्या आजीकडे वळविली, ही गोष्ट आम्हास फार अर्थपूर्ण वाटते.

त्याच 1922 सालच्या एप्रिलात, आमच्याच पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, केडगाव येथे पंडिता रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांचा या विषयाशी संबंध आहे, म्हणून त्यांचे नाव येथे घेणे अवश्य आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 साली ज्यांस ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्या रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात, मुक्ति सदनाचा एवढा संसार अंगावर असता, इब्री व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र मुळावरून मराठीत उतरविले. दुष्काळात आणि वैधव्यात होरपळलेल्या ज्या स्त्रियांस त्यांनी आश्रय दिला होता, त्यांतीलच काहींनी त्याचे खिळे जुळविले. भाषा साध्या बायाबापड्यांस समजेल अशी असावी, हा त्यांचा कटाक्ष. संस्कृताचा एवढा अधिकार असणाऱ्या विदुषीने सोपी मराठी निवडली, हे लहान गोष्टींपैकी नव्हे. गुणे पुण्यात आणि रमाबाई केडगावात. दोघांचे मार्ग भिन्न, हेतू भिन्न. एकाने ग्रीक शिकून नियम आणला, दुसरीने ग्रीक शिकून शुभवर्तमान आणले. दोघांनीही मुळापर्यंत जाण्याचे कष्ट वाचविले नाहीत, आणि दोघांनीही जे मिळविले ते आपल्याच माणसांच्या ओंजळीत टाकले.

त्यांच्यामागे ही परंपरा खंडित झाली नाही. मराठी भाषेच्या घडणीवरील झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 साली मराठीत आणला. पॅरिसला शिकून आलेले नारायण गोविंद कालेलकर यांनी हे शास्त्र प्रसन्न मराठीत लिहिले, आणि त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथास 1967 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि नव्या कराराची ग्रीक शिकविणारी ईश्वरविद्येची विद्यालयेही त्याच नगरात आहेत. गुणे यांस ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, त्याचा आरंभ तरी आमच्या मुलांस इंदापूरच्या मोटारीत बसून करता येण्यासारखा आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही सर्वांनी ग्रीक पंडित व्हावे असे आमचे म्हणणे नाही. तुमच्यापैकी बहुतेकांस शेती, नोकरी, यंत्रे आणि हिशेब यांतच जावयाचे आहे, आणि ती कामेही तितकीच थोर आहेत. परंतु जो शब्द तुम्ही रोज तोंडी घेता तो कोठून आला, असा प्रश्न एकदा तरी आपल्या मनास करा. कोणी एखादी गोष्ट आपली म्हणून कवटाळण्यास सांगेल, कोणी परकी म्हणून झिडकारण्यास सांगेल. दोन्ही वेळी थोडे थांबा आणि नियम लावून पाहा. संस्कृत, इंग्रजी, इब्री वा ग्रीक, जी भाषा शिकण्याची संधी मिळेल ती अंगचोरपणा न करता शिका, आणि शिकून झाल्यावर घरी परत या. घरी तुमची मराठी वाट पाहत असेल. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी एखाद्याने आपल्या गावातील वीस शब्दांचा मागोवा घेऊन याच वार्षिकासाठी लेख लिहून आणला, तर तो आम्ही मोठ्या आनंदाने छापू.